धनुष्य किती पाउंडांचं घ्यावं?

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या खालच्या लिम्बवर (वाकणाऱ्या पात्यावर) ‘४० पाउंड, २८ इंच’ असं छापलेलं असतं. दोरी २८ इंचांपर्यंत ओढली, तर बोटांवर ४० पाउंडांचा, म्हणजे साधारण १८ किलोंचा भार येईल, असा त्याचा अर्थ. पण तुमची ओढ २८ इंच असेलच असं नाही. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि २.५ ने भागा. ६५ इंच भरलं, तर ओढ २६. दर इंचामागे दोन-अडीच पाउंड उतरतात, तेव्हा ४० चं धनुष्य या हातात ३५ चंच राहतं. खात्रीसाठी सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दोरीत अडकवून तेवढंच ओढून पाहा.

ऊर्जेचं नुकसान याहून मोठं आहे. साठणारी ऊर्जा ढोबळमानाने शेवटच्या बलाच्या निम्मं गुणिले दोरी मागे आलेलं अंतर. २८ इंचांच्या ओढीत १७८ न्यूटन आणि सुमारे ०.४८ मीटर, म्हणजे ४३ ज्यूल. २६ इंचांत १५६ न्यूटन आणि ०.४३ मीटर, म्हणजे जेमतेम ३४. बल १२ टक्क्यांनी घटलं, पण अंतरही घटल्यामुळे ऊर्जा २० टक्क्यांहून जास्त गेली.

न पेलणारं धनुष्य नेमकं इथे दगा देतं. स्नायू थकले की दोरी हनुवटीच्या आधीच थांबते, खांदा कानाकडे चढतो, सुटण्याआधी बाण किंचित पुढे सरकतो. ओढ दर वेळी वेगळी, म्हणून बाण वर-खाली विखुरतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे खांद्यातले रोटेटर कफचे छोटे स्नायू दुखावतात, आणि ते भरून यायला महिने लागतात.

परीक्षा सोपी आहे. धनुष्य आकाशाकडे न रोखता, समोर धरून पूर्ण ओढा आणि पाच-सहा सेकंद थांबा. हात थरथरला तर ओढीचं वजन जास्त आहे. हीच परीक्षा सराव संपताना पुन्हा घ्या. तेव्हाचं उत्तर खरं. रिकामी दोरी मात्र कधीच सोडू नका, ती हळूहळू परत आणा. बाण नसला की सगळी ऊर्जा लिम्बमध्येच आदळते आणि ते फुटू शकतात.

नवख्या प्रौढाने २० ते २५ पाउंडांवर सुरुवात करावी. टेकडाउन, म्हणजे भाग सुटे करता येणारं धनुष्य घ्यावं, म्हणजे पुढे फक्त लिम्ब बदलता येतात. वाढ एका वेळी दोन ते चार पाउंडच. बाणांचा ताठपणाही तपासावा, कारण वाढलेल्या बलाखाली जुने बाण जास्त वाकतात.

अमेरिकेत अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी किमान ड्रॉ वेटची, म्हणजे ओढीच्या वजनाची कायदेशीर अट असते. ४० पाउंड हा त्यातला नेहमीचा आकडा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातही. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईच्या धनुर्धराला तो आकडा गाठायचं कारणच नाही. १८ मीटरवरच्या लक्ष्याला २५-३० पाउंड भरपूर होतात.

इथल्या हवेचा मात्र विचार करावा. पावसाळ्यात लाकडी किंवा बांबूचं धनुष्य ओल शोषून मऊ पडतं आणि ओढीचं वजन उतरतं. जुलैत काट्यावर पुन्हा तोलावं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं, तर उष्णतेने लिम्बचे चिकटवलेले थर सुटू शकतात. थरांमध्ये बारीक फट दिसली, तरी त्यावर दोरी चढवू नये.