गोव्यातील म्हातारपण: सवयींमागची जमीन आणि नोकरी

लंडनच्या सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल’ पाहणी 1967 मध्ये सुरू झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराचसा फरक उरलाच. सवयी महत्त्वाच्या खऱ्या, पण त्या माणसाच्या कामातून आणि मिळकतीतून घडतात.

गोव्यात आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेली पिढी 1961 च्या मुक्तीच्या आसपास शाळेच्या वयाची होती. ज्यांना शिकता आले त्यांतले अनेक सरकारी नोकरीत गेले. त्यांना पेन्शन आहे आणि सकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फिरायला वेळ आहे. उरलेल्यांतले बरेच भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ किंवा मुंडकार (त्याच्या जागेत घर करून राहणारे) म्हणून राहिले. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आला तेव्हा कसायची जमीन आणि घराखालची जागा टिकण्याची हमी मिळाली. परसात तांबडी भाजी लावायची तर ही हमी आधी लागते, म्हणून आरोग्याच्या इतिहासात हे दोन्ही कायदे मोजायला हवेत.

मिठाचा प्रश्न जास्त अवघड आहे. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. पावसाळ्यात ताजी मासळी महाग होते, मग उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खारे मासे आणि लोणचे येते. नुसते ‘खारे सोडा’ म्हटले की गरिबाच्या ताटातली प्रथिनेच जातात. त्याऐवजी मासे अर्धा तास भिजवावेत, पाणी दोनदा बदलावे आणि किसमुरीत (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) वेगळे मीठ घालू नये. सगळे मीठ निघत नाही, पण बरेच कमी होते.

गोळ्यांचेही तसेच. गोवा सरकारच्या 2016 च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी. रक्तदाबाची गोळी महिन्याच्या महिन्याला आणावी लागते. आरोग्य केंद्रात ती मिळाली तरी रोजंदारीवाल्याचा त्यात अर्धा दिवस बुडतो. बरे वाटले की गोळी सुटते आणि रक्तदाब गुपचूप चढतो. एका खेपेला दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तर हे पुष्कळसे टळेल.

आयुष्यभर वाकून लावणी केलेल्या आजीला ‘चाला’ सांगून भागत नाही. तिच्या मांड्यांची ताकद आणि तोल जातो, पडण्याचा धोका तिथेच असतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, आठवड्यातून तीन दिवस. गुडघे फार दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी.