बाराच मायक्रॉनची रिंग, पण तिच्यामागे मिखाल लिप्सन यांची सगळी फॅब्रिकेशनची कसरत

२०२५ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने डेटा सेंटरसाठी नवे नेटवर्क स्विच जाहीर केले, तेव्हा चर्चा झाली ती वीज किती वाचणार आणि स्पीड किती मिळणार याचीच. त्यात मायक्रो-रिंग मॉड्युलेटर (प्रकाश चालूबंद करून त्यावर डेटा चढवणारी इवलीशी रिंग) हा शब्द एकदा येऊन गेला आणि बऱ्याच जणांना वाटलं की ही काहीतरी कालपरवाची भानगड असणार. कालपरवाची कसली, २००५ च्या मे महिन्यातल्या 'नेचर'मध्ये ही रिंग छापून आलेली आहे, कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या मिखाल लिप्सन यांच्या ग्रुपकडून. बाईंचं नाव त्या रिंगमुळे झालं हे खरंच, पण त्यांचं करिअर नीट बघितलं तर मला तरी असं वाटतं की रिंग हा दिसणारा भाग आहे, खरी मेहनत फॅबमध्ये, म्हणजे चिप प्रत्यक्ष बनते तिथे, झालीये आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. सिलिकॉन हे इलेक्ट्रॉनिक्ससाठी सोनं, पण प्रकाशाच्या बाबतीत एकदम मठ्ठ. त्याचा बँडगॅप इनडायरेक्ट, म्हणजे त्यातून धड लेझर बनत नाही, आणि व्होल्टेज लावून प्रकाश पटकन चालूबंद करायला लिथियम नायोबेट या क्रिस्टलमध्ये जो इफेक्ट आयता मिळतो तोही याच्यात नाही. १९८७ मध्ये सोरेफ आणि बेनेट या दोघांनी हिशोब मांडला की सिलिकॉनमध्ये चार्ज कमीजास्त केला की रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश त्यातून किती हळू जातो याचं माप) थोडासा का होईना पण बदलतो. थोडासा म्हणजे इतका थोडा, की त्याचा उपयोग करायचा तर प्रकाशाला लांबलचक रस्त्यावरून न्यावं लागणार. इंटेलने २००४ च्या सुरुवातीला एक गिगाहर्ट्झच्या वर चालणारा सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला आणि ते मोठंच काम होतं, पण त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी लागायची. चिपवर मिलिमीटर म्हणजे चाळीत तीन बीएचके मागण्यासारखं.

लिप्सन यांचा जन्म १९७० चा, इस्रायलमधल्या हैफाचा, पण वाढल्या ब्राझीलमध्ये, साओ पावलोला. तिथल्या युनिव्हर्सिटीत दोनेक वर्षं फिजिक्स केलं आणि मग परत हैफाला टेक्नियनमध्ये जाऊन १९९२ ला पदवी, १९९८ ला पीएचडी. (जुळी बहीण मेराव ओफर, तीही फिजिक्सवालीच, बोस्टन युनिव्हर्सिटीत सूर्यमालेच्या कडेला काय चाललंय याचा अभ्यास करते, म्हणजे एक बहीण नॅनोमीटरमध्ये आणि एक अब्जावधी किलोमीटरमध्ये.) पीएचडीनंतर एमआयटीमध्ये लायोनेल किमरलिंग यांच्याकडे पोस्टडॉक. किमरलिंग हे मटेरियल सायन्सवाले, सिलिकॉनवर ऑप्टिक्स करायचं तर ते नेहमीच्या चिप फॅक्टरीत चालेल असंच करा या मताचे, आणि माझ्या मते बाईंच्या पुढच्या कामाचं वळण इथेच ठरलं. २००१ मध्ये त्या कॉर्नेलला आल्या, फिजिक्समध्ये नाही तर इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये.

कॉर्नेलच का महत्त्वाचं, तर तिथली नॅनोस्केल फॅसिलिटी. १९७७ पासून चालू असलेलं हे सामायिक क्लीनरूम (धूळ टाळून चिप बनवायची जागा), बाहेरच्या संशोधकांनाही पैसे भरून वापरता येतं. नव्या प्राध्यापकाला स्वतःचं इ-बीम मशीन (इलेक्ट्रॉनच्या झोताने चिपवर बारीक नक्षी काढणारं) घ्यायचं म्हटलं तर सगळी ग्रँट त्यातच संपेल, इथे ते आयतं होतं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीने इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम सुरू केला त्यामागची कल्पना हीच, की कॉलेजात मशीन नसेल तर पवईला या आणि डिव्हाइस बनवा.

आता पहिली अडचण बघा, ती अगदी साधी वाटते. ऑप्टिकल फायबरचा गाभा साधारण नऊ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सिलिकॉन वेव्हगाइड, म्हणजे चिपवरची प्रकाशाची वाट, अर्धा मायक्रॉनसुद्धा रुंद नाही. फायबर समोर आणून धरला तर बहुतेक सगळा प्रकाश बाहेरच सांडतो. कुणालाही वाटेल की वेव्हगाइडचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद करावं. लिप्सन यांच्या ग्रुपने २००३ मध्ये उलटं केलं, टोक आणखी निमुळतं केलं, शंभर नॅनोमीटरच्या आसपास. इतक्या बारीक सिलिकॉनमध्ये प्रकाश मावतच नाही, तो आजूबाजूच्या ऑक्साइडमध्ये पसरतो, आणि पसरून मोठा झाला की फायबरशी त्याचं जमतं. कागदावर सोपं आहे, पण शंभर नॅनोमीटरचं टोक न मोडता, कडा खडबडीत न होऊ देता एच करणं, म्हणजे कोरणं, सोपं नाही, कारण कडा खडबडीत असल्या की प्रकाश तिथून विखुरतो. एखादा थिअरीवाला पेपर लिहून पुढे गेला असता, इथे बनवून दाखवावं लागलं. आज सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये (सिलिकॉन चिपवर प्रकाश चालवायच्या तंत्रात) फायबर जोडायची ही अगदी नेहमीची पद्धत झालीये.

मग २००५ ची रिंग. व्यास बारा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत अशा चारपाच मावतील. सरळ वेव्हगाइडच्या शेजारी ही रिंग ठेवायची, ठरावीक वेव्हलेंथचा, म्हणजे ठरावीक रंगाचा, प्रकाश तिच्यात शिरतो आणि गोल गोल फिरत राहतो, त्यामुळे पुढे जातच नाही. रिंगच्या भोवती डायोड केलेला, त्यातून चार्ज सोडला की इंडेक्स जरासा बदलतो, रिंगची वेव्हलेंथ सरकते आणि प्रकाश सुटतो. एक आणि शून्य तयार. प्रकाश एकाच जागी अनेकदा फिरत असल्यामुळे तो जरासा बदलही पुरतो, लांबलचक रस्त्याची गरजच संपली. पहिल्या रिंगचा वेग होता सेकंदाला दीड गिगाबिट, दोन वर्षांत त्याच ग्रुपने साडेबारा गिगाबिटपर्यंत नेला.

पण खरं सांगायचं तर तेव्हा या रिंगवर नाक मुरडणारेही होते आणि त्यांचं काही अगदीच चुकत नव्हतं. एक डिग्री तापमान वाढलं की सिलिकॉन रिंगची वेव्हलेंथ साधारण ०.०८ नॅनोमीटरने सरकते. शेजारी प्रोसेसर तापतोय आणि रिंग भलत्याच वेव्हलेंथवर जाऊन बसलीये, असं कसं चालेल? शेवटी प्रत्येक रिंगला छोटासा हीटर आणि तो सांभाळणारं सर्किट द्यावं लागलं, आणि लॅबमधून प्रॉडक्टपर्यंत यायला वीसेक वर्षं लागली त्याला हे एक मोठं कारण.

दरम्यान २०१० मध्ये बाईंना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच लाख डॉलरची. त्याच वर्षी कॉर्नेलमधलेच अलेक्झांडर गाएटा यांच्याबरोबर सिलिकॉन नायट्राइडच्या रिंगमध्ये एकाच लेझरपासून अनेक वेव्हलेंथ काढून दाखवल्या, म्हणजे चिपवरची फ्रीक्वेन्सी कोंब (इंग्रजीतला comb, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने वेव्हलेंथ). यासाठी नायट्राइडचा थर जाड लागतो आणि जाड थर लावला की ताणामुळे वेफरच्या (ज्या चकतीवर चिप बनतात तिच्या) कडेपासून तडे जातात, एकदा तडा सुटला की मधल्या डिव्हाइसना आडवा कापत जातो. २०१३ मध्ये ग्रुपने यावर काढलेला उपाय मला फार आवडतो, नायट्राइड लावायच्या आधीच डिव्हाइसच्या भोवती वेफरवर चर पाडून ठेवायचे, कडेने येणारा तडा चरापाशी अडतो. एवढंच! त्यावर ९१० नॅनोमीटर जाडीचा थर टिकला आणि रिंगचा क्यू फॅक्टर (प्रकाश किती कमी वाया जातो याचं माप) सत्तर लाखांवर गेला. पेपरमध्ये फिजिक्स कमी आणि कारागिरी जास्त, पण पुढची कोंबची कामं अशाच चांगल्या नायट्राइडवर उभी राहिली. २०१८ मध्ये तर साध्या बॅटरीवर चालणारी कोंब 'नेचर'मध्ये आली.

२०१५ ला लिप्सन कोलंबिया युनिव्हर्सिटीत न्यूयॉर्कला गेल्या, गाएटाही तिकडेच. पुढे २०१९ ला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीत निवड आणि २०२३ ला ऑप्टिका या संस्थेचं अध्यक्षपद, ही यादी लांब आहे, सोडून देतो. जास्त लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे २०२२ मध्ये त्यांनी, गाएटा आणि केरेन बर्गमन यांनी इतर काही जणांबरोबर एक्सकेप फोटॉनिक्स काढली. कंपनीचं काम कोंबवरच, एका लेझरमधून अनेक रंग काढायचे आणि प्रत्येक रंगावर वेगळा डेटा चढवायचा, म्हणजे एआयच्या मशिनांमधली डेटाची कोंडी सुटेल. पैसे घालणाऱ्यांत सिस्को आहे आणि एनव्हिडियासुद्धा आहे.