लहान मुलांच्या जांघेतला हर्निया आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

लहान मुलांच्या जांघेतला हर्निया, म्हणजे जुने लोक ज्याला अंतर्गळ म्हणतात तो, मोठ्यांच्या हर्नियापेक्षा मुळातच वेगळा असतो. मोठ्या माणसात बऱ्याचदा पोटाची भिंत कमकुवत झालेली असते म्हणून तिथे जाळी बसवतात. बाळाच्या स्नायूंना काहीच झालेलं नसतं. मुलाची वृषणं आधी पोटात किडनीजवळ असतात, जन्माआधीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ती जांघेतून खाली वृषणाच्या पिशवीत उतरतात आणि उतरताना पोटाच्या अस्तराची बोटासारखी एक नळी सोबत ओढून नेतात, ती नळी पुढे आपोआप मिटायला हवी. अरुंद राहिली तर पोटातलं पाणी झिरपून हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचणं, होतं, रुंद राहिली तर आतडंच खाली येतं, तो हर्निया. रडल्याने हर्निया होत नाही, रडताना तो फक्त दिसतो. बाळाला रडू दिलं म्हणून असं झालं असं आईला ऐकवणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

पूर्ण दिवसांच्या बाळांत हे प्रमाण साधारण 1 ते 5 टक्के, कमी दिवसांच्या बाळांत त्याहून बरंच जास्त. मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी पट जास्त आणि उजव्या बाजूला जास्त. मुलींमध्ये गाठीत कधीकधी अंडाशय येतं, म्हणून मुलीच्या जांघेतली छोटी, न दुखणारी गाठसुद्धा लवकर दाखवावी.

बहुतेकदा आंघोळ घालताना किंवा बाळ जोर करताना जांघेत फुगवटा दिसतो, झोपलं की गायब. दवाखान्यात नेलं की नेमका दिसत नाही, त्यामुळे गाठ वर आलेली असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, सर्जनला त्याचा खरंच उपयोग होतो. बेंबीचा हर्निया वेगळा, तो बऱ्याच मुलांचा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो, पण जांघेतला आपोआप बरा होईल म्हणून थांबायचं नसतं, आणि पट्टा बांधून किंवा नाणं दाबून तो बंद होत नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ सारखं रडतंय, हिरवी उलटी होतेय, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हा धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो. डॉक्टर बहुतेक वेळा औषध देऊन, बाळ शांत करून गाठ हलक्या हाताने आत बसवतात आणि सूज उतरली की एक-दोन दिवसांनी ऑपरेशन करतात.

ऑपरेशनचं काम एकच, त्या नळीचं तोंड पोटाजवळ बांधून टाकणं, जाळी लागत नाही. जुन्या पद्धतीत जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन नळी शोधतात, ती आजही उत्तम पद्धत आहे. दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीतून 3 किंवा 5 मिलिमीटरची दुर्बीण घालतात, कार्बन डायऑक्साइडने पोट हलकं फुगवतात आणि स्क्रीनवर ते उघडं तोंड समोर दिसतं. मग जांघेवर टाचणीएवढ्या छिद्रातून दोरा घेतलेली सुई आत जाते, अस्तराच्या खालून अर्धं वर्तुळ फिरते, पुन्हा दुसऱ्या बाजूने उरलेलं अर्धं, आणि दोऱ्याची गाठ कातडीखाली बसते. जपानमध्ये 1990च्या दशकात सर्जन ताकेहारा यांनी ही तऱ्हा आणली, पोलंडच्या पात्कोव्स्कींनी 2006 मध्ये साध्या इंजेक्शनच्या सुईने ती आणखी सोपी केली. मुलांमध्ये कसोटी एका जागी लागते, वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या अस्तराला अगदी चिकटून जातात, तिथे सुई अस्तर आणि नलिका यांच्या मधूनच सरकवावी लागते. काही सर्जन आधी सलाईन टोचून अस्तर उचलून घेतात. मुलींमध्ये ही अडचण नसते.

मोठा फायदा म्हणजे दुसरी बाजू त्याच वेळी दिसते. ती उघडी असली तर बरेच सर्जन तिथेच बांधतात, पण प्रत्येक उघड्या नळीचा हर्निया होतोच असं नाही, म्हणून यावर सर्जनमध्ये मतभेद आहेत आणि पालकांनी हे आधीच विचारून घ्यावं. हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण अनुभवी हातात दोन्ही पद्धतींत कमीच, त्यामुळे दुर्बीण आहे का यापेक्षा मुलांचा सर्जन आणि लहान बाळांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर आहेत का हे माझ्या मते आधी बघावं. दुर्बिणीला पूर्ण भूल आणि बहुतेकदा श्वासनळीत नळी लागते. कमी दिवसांच्या बाळात भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो, आणि 2024 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा बाळांचं ऑपरेशन एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी जाण्याआधी करण्यापेक्षा काही महिने थांबून केल्यावर गंभीर त्रास कमी दिसला.

भुलीआधी आईचं दूध साधारण 4 तास, वरचं दूध आणि खाणं 6 तास बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, बाकी भूलतज्ज्ञ सांगतील तसं. ठणठणीत मूल बहुतेकदा त्याच दिवशी घरी येतं, पिशवीवर थोडी सूज काही दिवस राहते, ती उतरते.