बटरफ्लाय मिल्कवीड : बियांपासून लागवड

बटरफ्लाय मिल्कवीड, शास्त्रीय नाव ॲस्क्लेपिअस ट्यूबरोसा, ही उत्तर अमेरिकेतील प्रेअरी म्हणजे गवताळ माळरानावरची बहुवर्षायू वनस्पती आहे. ती आपल्या रुईच्या कुळातली, पण तिला रुईसारखा पांढरा चीक नसतो. उंची ३० ते ७५ सेंमी. उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, नारिंगी फुलांचे झुबके येतात. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडच्या जातींवरच वाढतात. इलिनॉय आणि आयोवा राज्यांतली मूळ प्रेअरी जवळजवळ सगळी नांगराखाली गेली, त्यामुळे घरामागच्या वाफ्यातली चार-पाच झाडेही मोलाची आहेत.

बी घेताना जात नीट पाहावी. महाराष्ट्रात हळदीकुंकू म्हणून ओळखली जाणारी ॲस्क्लेपिअस क्युरासाव्हिका अमेरिकेतल्या रोपवाटिकांतही मिळते. दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत ती हिवाळ्यात वाळत नाही, पानांवर मोनार्कचा एक सूक्ष्म परजीवी साठत जातो आणि फुलपाखरे रोगट निपजतात. तिकडे ती लावू नये.

या बियांना ओली थंडी लागते, ती न मिळाल्यास बरेचसे बी सुप्तच राहते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी थेट जमिनीत ६ मिमी खोल पेरणे. थंडीचे काम हिवाळाच करतो. उंदरांपासून राखायला वर बारीक जाळी अंथरावी. वसंतात पेरायचे असल्यास बी तिप्पट ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत बंद करून, १ ते ५ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ३० दिवस ठेवावे. मूठ आवळल्यावर वाळूतून पाणी गळू नये, नाहीतर बुरशी धरते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. भिजलेले बी गोठून मरू शकते. पिशवीतच मोड आले तर लगेच पेरावे.

कुंडीत पेरताना निदान १२ ते १५ सेंमी खोलीची कुंडी हवी, कारण सोटमूळ लवकर खाली धावते. २० ते २५ अंशांना दोन-तीन आठवड्यांत रोपे वर येतात. पाणी जास्त झाले आणि हवा खेळती नसली की कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. बहुतेक नुकसान इथेच होते. शेवटचे हिमतुषार संपल्यावर मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोपे ३० ते ४५ सेंमी अंतरावर कायमच्या जागी लावावीत. पुढे झाड हलवू नये. सोटमूळ तुटले की ते सहसा सावरत नाही.

जागा दिवसाला किमान सहा तास उन्हाची, निचऱ्याची, वाळूमिश्रित असावी. खत नको, त्याने झाड लांबट होऊन लोळते. चिकणमातीत हिवाळी ओलाव्याने मुळे कुजतात, गोठण्या-वितळण्याने रोप वर उचललेही जाते. तिथे वाफा उंच करावा आणि पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठल्यावर पेंढ्याचे आच्छादन द्यावे. पाणी पहिल्या वर्षी नियमित द्यावे, नंतर क्वचित.

पहिल्या वर्षी फूल अपेक्षू नये. ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. वसंतात कोंब फार उशिरा फुटतात, म्हणून जागेवर खूण ठेवावी. कित्येक झाडे ‘मेली’ समजून उकरली जातात. पिवळा मावा दिसल्यास मोनार्कची अंडी-अळ्या सांभाळून पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. कीटकनाशक मारल्यास अळ्याच मरतील.

झाड स्वतःच्या परागावर सहसा बी धरत नाही, म्हणून बियांपासून वाढवलेली दोन-तीन झाडे जवळ हवीत. शेंगा उलू लागल्या आणि आतले बी तपकिरी झाले की तोडाव्यात. पांढरे बी उगवत नाही. रेशमी तंतू काढून, बी सावलीत वाळवून कोरड्या डब्यात थंड जागी ठेवावे. झाड विषारी असल्याने मुले आणि पाळीव जनावरे त्यापासून लांब ठेवावीत.