झारशाहीच्या मुळाशी बांधलेला शेतकरी

झार निकोलस दुसरा आणि त्याचं कुटुंब १७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबुर्गमधल्या एका घराच्या तळघरात गोळ्या घालून मारलं गेलं. झारशाहीचा विषय निघाला की बहुतेक लिखाण याच तळघराभोवती फिरतं. आजारी राजपुत्र, राणीच्या मर्जीतला साधू रास्पुतिन, राजवाड्यातली कारस्थानं यांत पानं भरतात. पण साम्राज्य का कोसळलं ते या गोष्टींतून कळत नाही. ते समजून घ्यायचं तर चारशे वर्षांहून मागे, १४९७ सालच्या एका कायद्यापाशी जावं लागतं.

तो कायदा मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याचा. त्यात एक कलम असं होतं की शेतकऱ्याला एका धन्याची जमीन सोडून दुसरीकडे जायचं असेल तर वर्षातून एकदाच जाता येईल: २६ नोव्हेंबरच्या संत जॉर्जच्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक. सुगी संपलेली, धान्य घरात आलेलं, धन्याचं देणं चुकतं करायचं आणि निघायचं. रशियन लोक याला युरीचा दिवस म्हणत. तोवर जाण्या-येण्यावर सगळीकडे लागू होईल असं बंधन नव्हतं. आता दोन आठवड्यांची फट उरली.

त्या वेळी आज ज्याला आपण रशिया म्हणतो तो एकसंध देशच नव्हता. १२३७ ते १२४० या काळात मंगोलांनी तिथली शहरं जाळली आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षं रशियन राजे त्यांना खंडणी देत राहिले. ती गोळा करून पोहोचवण्याचं काम पत्करून मॉस्कोचे राजे मोठे झाले. अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७० च्या सुमारास आपल्या कोकणात चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला, तो मॉस्कोचा नव्हे, त्वेर नावाच्या वेगळ्या राज्याचा. ते राज्य मॉस्कोने १४८५ मध्ये गिळलं. त्याआधी १४७८ मध्ये नोव्हगोरोद घेतलं आणि तिथल्या नगरसभेला बोलावणारी घंटा काढून मॉस्कोला नेली. १४८० मध्ये मंगोलांचं जोखडही गेलं.

इतक्या प्रदेशावर हुकूमत ठेवायला घोडदळ हवं आणि घोडदळाला द्यायला राजाकडे रोकड नव्हती. जमीन मात्र अफाट होती. म्हणून लढणाऱ्याला जमीन लावून दिली जाई, आपल्याकडच्या सरंजामासारखी: जोवर चाकरी, तोवर जमीन. पण रशियात माणसं थोडी आणि विरळ. कसणारा उठून गेला तर ती जमीन म्हणजे नुसतं रान. सरदाराला जमिनीपेक्षा तिच्यावरचे हात महत्त्वाचे होते आणि राजाला सरदार. या गरजेतून एक करार आकाराला आला. सरदाराने राजाची चाकरी करायची, शेतकऱ्याने सरदाराची, आणि राजाने शेतकऱ्याला जागेवर धरून ठेवायचं. झारशाहीची सगळी इमारत या करारावर उभी आहे असं मी मानतो. राजवाडे, युद्धं, दुतोंडी गरुडाची मुद्रा हा तिचा वरचा भाग.

इव्हान चौथ्याने १५४७ मध्ये स्वतःला 'झार' म्हणून अभिषेक करवून घेतला. १५५२ मध्ये कझान आणि १५५६ मध्ये आस्त्राखान जिंकून त्याने व्होल्गा नदीचा सगळा प्रवाह ताब्यात आणला. मग १५६५ पासून सात वर्षं त्याने आपल्याच देशावर काळ्या वेशातले घोडेस्वार सोडले. १५७० मध्ये नोव्हगोरोदची कत्तल झाली. तिकडे बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियातलं युद्ध पंचवीस वर्षं चाललं. करांना आणि मारामारीला कंटाळून शेतकरी दक्षिणेच्या गवताळ प्रदेशात पळू लागले, गावंच्या गावं ओस पडली. उपाय म्हणून १५८० च्या दशकात काही वर्षं 'मनाईची' ठरवली गेली: या वर्षी युरीचा दिवस नाही. ती मनाई नंतर उठलीच नाही. आशेवर पाणी पडलं की रशियन माणूस अजूनही म्हणतो, "घे आजी, हा तुझा युरीचा दिवस!"

मधल्या दुष्काळाचा, तोतया झारांचा आणि पोलिश फौजा मॉस्कोत शिरल्याचा काळ इथे थोडक्यात सोडतो. १६१३ मध्ये सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला निवडून गादीवर बसवलं गेलं. त्याच्या मुलाने, झार अलेक्सेईने, १६४९ च्या कायदेसंहितेत उरलीसुरली पळवाटही बुजवली. तोवर पळालेल्या शेतकऱ्याला ठराविक वर्षांत शोधलं नाही तर तो सुटत असे. आता मुदतच गेली. तो, त्याची बायको, मुलं, नातवंडं, कधीही सापडली तरी धन्याची.

पीटर द ग्रेटबद्दल आपल्याकडे कौतुकाने लिहिलं जातं. युरोपात जाऊन जहाजबांधणी शिकलेला, सरदारांच्या दाढ्या उतरवणारा, १७०३ मध्ये दलदलीत सेंट पीटर्सबर्ग उभारणारा राजा. हे सगळं खरं आहे. पण ते शहर वेठीला धरून आणलेल्या हजारो माणसांनी बांधलं. प्रत्येक पुरुषामागे डोईपट्टी बसली, आणि सैन्यात भरती झालेला शेतकरी जन्मभरासाठी गेला. १७२१ च्या हुकमाने कारखानदारांना आख्खी गावं विकत घेऊन तिथल्या माणसांना कारखान्यात जुंपायची मुभा मिळाली. युरोपात कारखान्यांबरोबर मोकळा मजूर आला. रशियात कारखाना आला आणि गुलामगिरी पक्की झाली. तरी पीटरच्या राज्यात एक कठोर समता होती, ती म्हणजे चाकरीची. सरदारही जन्मभर बांधलेला होता. १७२२ च्या दर्जांच्या तक्त्यात चौदा पायऱ्या होत्या आणि त्या चाकरी करूनच चढायच्या होत्या. शेतकरी निदान म्हणू शकत होता की माझा धनीही कुणाचा तरी चाकर आहे.

१८ फेब्रुवारी १७६२ ला तो करार मोडला. जेमतेम सहा महिने राज्य केलेल्या पीटर तिसऱ्याने सरदारांना सक्तीच्या चाकरीतून मुक्त केलं. जमीन त्यांच्याकडेच राहिली, शेतकरीही. शेतकऱ्याची चाकरी ज्या कारणासाठी होती ते कारणच नाहीसं झालं. गावोगाव लोकांना वाटलं की आता आपल्या सुटकेचा हुकूम निघणार. निघाला नाही तेव्हा वाटलं की झारने काढला असणार, सरदारांनी दडवला. काही महिन्यांत पीटर तिसऱ्याला पदच्युत करून त्याची पत्नी कॅथरीन गादीवर आली आणि लवकरच तो मारला गेला. लोकांचा संशय खात्रीत बदलला.

कॅथरीनचा फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरशी पत्रव्यवहार होता. तिच्याच राज्यात १७६७ मध्ये हुकूम निघाला की भूदासाने, म्हणजे धन्याशी बांधलेल्या शेतकऱ्याने, धन्याविरुद्ध राणीकडे तक्रार करायची नाही; केली तर चाबूक आणि सक्तमजुरी. याच काळातलं एक प्रकरण मला विसरता येत नाही. दार्या साल्तिकोवा ही मॉस्कोची श्रीमंत जमीनदारीण आपल्या नोकरांना, विशेषतः बायका-मुलींना, मरेपर्यंत मारत असे. कितीतरी तक्रारी दाबल्या गेल्यावर १७६२ मध्ये दोन भूदास थेट राणीपर्यंत अर्ज घेऊन पोहोचले. चौकशी सहा वर्षं चालली आणि १७६८ मध्ये अडतीस खून सिद्ध होऊन ती जन्मभर कोंडली गेली. ज्या वाटेने त्या दोघांनी न्याय मिळवला, ती वाट निकालाच्या आदल्याच वर्षी कायद्याने बंद झाली होती.

१७७३ मध्ये येमेल्यान पुगाचोव्ह हा डॉन नदीकाठचा कोसॅक, म्हणजे सीमेवरच्या लढवय्या घोडेस्वारांपैकी एक, उठला आणि म्हणाला, मीच पीटर तिसरा, मेलो नव्हतो. डोईपट्टी नाही, सैन्यभरती नाही, जमीन तुमची, असा जाहीरनामा त्याने काढला. उरलपासून व्होल्गापर्यंतचा मुलूख पेटला. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. बंड करायलाही या लोकांना झारचंच नाव लागलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. जुलूम सरदारांचा, झार मात्र आपला, ही समजूत झारशाहीचा सगळ्यांत भक्कम खांब होती.

पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साम्राज्य फुगत गेलं. क्रिमिया १७८३ मध्ये आलं, पोलंडचे उरलेसुरले लचके तोडले गेले, १८१२ मध्ये नेपोलियन मॉस्कोहून परतला. नेपोलियनचा पाठलाग करत पॅरिसपर्यंत जाऊन आलेल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी डिसेंबर १८२५ मध्ये उठाव केला; पाच जण फासावर गेले. निकोलस पहिल्याने मग तीस वर्षं पोलीस आणि हेरांच्या जोरावर राज्य केलं. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात मात्र भूदासांचं सैन्य आणि तुटपुंज्या रेल्वेचा देश उघडे पडले.

त्याचा मुलगा अलेक्झांडर दुसरा मॉस्कोच्या सरदारांना म्हणाला की भूदासपद्धत खालून मोडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा आपण वरून मोडलेली बरी. १९ फेब्रुवारी १८६१ ला मुक्तीच्या जाहीरनाम्यावर त्याची सही झाली. इतिहासकार क्ल्युचेव्स्की यांनी नेमकं टिपलं आहे: सरदारांची सुटका १८ फेब्रुवारीला, शेतकऱ्यांची दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, मध्ये फक्त नव्याण्णव वर्षं गेली.

सुमारे २ कोटी ३० लाख माणसं मोकळी झाली. पण कशी? आपण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्यांना विकत घ्यावी लागली. सरकारने जमीनदारांना रोख्यांतून पैसे दिले आणि ते शेतकऱ्यांकडून दरसाल सहा टक्क्यांनी, ४९ वर्षांत वसूल करायचं ठरवलं. पुष्कळ ठिकाणी किंमत बाजारभावाहून जास्त लावली, आणि चांगले तुकडे जमीनदारांनी कापून ठेवले. हप्त्याची जबाबदारी एकट्याची नाही, आख्ख्या गावकीची. त्यामुळे गाव सोडायला गावकीची परवानगी आणि परवाना लागे. धनी गेला, दावं राहिलं. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावात अंतोन पेत्रोव्ह नावाच्या शेतकऱ्याने तो किचकट कायदा वाचून सांगितलं की झारने खरं स्वातंत्र्य दिलंय, अधिकारी लपवतायत. एप्रिल १८६१ मध्ये जमलेल्या निःशस्त्र गर्दीवर सैन्याने गोळ्या झाडल्या, डझनावारी माणसं पडली. पेत्रोव्हलाही गोळी घातली गेली.

या झारने न्यायालयं सुधारली, स्थानिक मंडळं दिली, १८७४ मध्ये लष्करी चाकरी सर्व वर्गांना लागू केली. त्याच्याच काळात ताश्कंद जिंकलं गेलं आणि पोलंडचा उठाव चिरडला गेला. १ मार्च १८८१ ला क्रांतिकारकांच्या बॉम्बने तो मेला. त्याच्या मुलाने आणि नातवाने यातून धडा घेतला तो सुधारणा आवरण्याचा. १८९७ च्या जनगणनेत साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास भरली, त्यात रशियन भाषिक ४४ टक्के. व्यवसायाच्या रकान्यात निकोलस दुसऱ्याने लिहिलं: रशियन भूमीचा धनी.

९ जानेवारी १९०५ ला पीटर्सबर्गचे कामगार बायकामुलांसह, देवाच्या तसबिरी आणि झारची चित्रं हातात धरून हिवाळी राजवाड्याकडे निघाले. त्यांच्या अर्जात आठ तासांच्या कामाच्या दिवसाबरोबर जमिनीचे हप्ते माफ करण्याचीही मागणी होती, कारण त्यांतले कितीतरी जण कालपरवा गावाहून आलेले. झार राजवाड्यात नव्हताच. सैन्याने गोळ्या झाडल्या, शंभराहून अधिक माणसं मेली. झार आपला आहे ही समजूत त्या दिवशी रस्त्यावर मेली, आणि ती पुन्हा उभी करणं कुणाला जमलं नाही.

त्या वर्षाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती शिकून आले. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची नोंद लेनिनने आपल्या लेखात घेतली.

झारला १९०५ नंतर निवडून आलेली द्यूमा, म्हणजे संसद, मान्य करावी लागली, आणि १९०७ पासून जमिनीचे हप्तेही रद्द झाले. पंतप्रधान स्तोलिपिनने शेतकऱ्याला गावकीतून बाहेर पडायची मोकळीक दिली. त्याला वीस शांत वर्षं हवी होती. १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात त्याचा खून झाला, आणि १९१४ मध्ये महायुद्ध आलं. सुमारे दीड कोटी माणसं सैन्यात ओढली गेली, बहुतेक शेतकरी. फेब्रुवारी १९१७ मध्ये पेत्रोग्रादच्या (पीटर्सबर्गचं युद्धकाळातलं नाव) शिबंदीला भाकरीसाठी जमलेल्या गर्दीवर गोळ्या झाडायला सांगितलं, तेव्हा या गणवेशातल्या शेतकऱ्यांनी बंदुका फिरवल्या. २ मार्चला प्स्कोव्ह स्थानकात, रेल्वेच्या डब्यात, निकोलसने गादी सोडली. ऑक्टोबरात सत्ता घेताच लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने काढलेल्या पहिल्या हुकमांपैकी एक जमिनीचा होता.

जमिनीची मालकी जमीनदारांकडून गेली, पण शेतकऱ्याला जागेवर धरून ठेवायची सवय सत्तेला सुटली नाही. सामुदायिक शेतीची सक्ती झाल्यावर १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पासपोर्ट सुरू केले आणि बहुतेक सामुदायिक शेतांवरच्या शेतकऱ्यांना ते दिले नाहीत. पासपोर्ट नाही म्हणजे शहरात राहायचा हक्क नाही. तो सर्वांना द्यायचा निर्णय झाला ऑगस्ट १९७४ मध्ये, आणि वाटप सुरू झालं १९७६ पासून.