नेस्टेड डिक्शनरी (पायथन)

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत डिक्शनरी म्हणजे की (शोधायचे नाव) आणि व्हॅल्यू (त्या नावाखालची माहिती) यांच्या जोड्या. एखाद्या कीची व्हॅल्यू म्हणून दुसरी डिक्शनरी ठेवली की त्या रचनेला नेस्टेड डिक्शनरी म्हणतात. हा वेगळा डेटा टाइप नव्हे. की हॅश करता येण्याजोगी (जिच्यावरून न बदलणारा आकडा काढता येतो अशी) लागते, म्हणून डिक्शनरी स्वतः की होऊ शकत नाही. व्हॅल्यूवर असे बंधन नाही. जेसन (प्रोग्रामांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीचा साचा) मजकूर वाचला की त्यातले ऑब्जेक्ट याच रूपात हाती येतात, त्यामुळे बहुतेकांची या रचनेशी गाठ तिथेच पडते.

जिल्हा आणि तालुका अशी पावसाची नोंद केली, तर मुळशीचा आकडा पाऊस["पुणे"]["मुळशी"] असा मिळतो. (पायथन ३ ला व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते, ही ओळ जशीच्या तशी चालेल.) इथे शोध दोनदा होतो: आधी पुणे, मग जे सापडेल त्यात मुळशी. बाहेरच्या डिक्शनरीत आतली डिक्शनरी नसते, तिचा फक्त रेफरन्स (ती कुठे आहे याची खूण) असतो. नवशिक्यांना छळणारे बरेचसे घोटाळे यातूनच निघतात. 'कॉपी' मेथडने नक्कल केली तरी आतल्या डिक्शनऱ्या दोघींत सामाईक राहतात. नकलेत मुळशीचा आकडा बदलला की मूळ नोंदही बदलते. दिलेल्या कीजवरून डिक्शनरी बनवणाऱ्या 'फ्रॉमकीज'ला व्हॅल्यू म्हणून रिकामी डिक्शनरी दिली तर सगळे जिल्हे एकाच डिक्शनरीकडे बोट दाखवतात आणि मुळशी नाशिकमध्येही दिसू लागते! खरी स्वतंत्र प्रत हवी असेल तर 'डीपकॉपी' वापरावे लागते.

एका डिक्शनरीत दुसरीतल्या नोंदी भरणारे 'अपडेट' फक्त वरची पातळी पाहते. नव्या माहितीत नाशिकखाली एकटे इगतपुरी असेल, तर आधीचे सिन्नर पुसले जाते. ३.९ आवृत्तीत (२०२०) आलेले उभ्या रेघेचे (|) ऑपरेटरही तसेच वागते. आतपर्यंत विलीनीकरण करणारी सोय डिक्शनरीत नाही. त्यासाठी छोटे रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) फंक्शन लिहितात.

सातारा ही की नसताना पाऊस["सातारा"]["वाई"] मध्ये आकडा भरू पाहिला तरी कीएरर (की न सापडल्याची चूक) येते. पर्ल या भाषेत मधली पातळी आपोआप तयार होते, पायथनमध्ये नाही. वाचताना, की नसेल तर पर्याय परत देणाऱ्या 'गेट'ला पर्याय म्हणून रिकामी डिक्शनरी देऊन साखळी लावतात. पण की आहे आणि तिची व्हॅल्यू 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) आहे, अशा वेळी तो पर्याय वापरलाच जात नाही आणि पुढचे 'गेट' अडखळते. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये हे हमखास घडते. लिहिताना, नसलेली की तयार करून देणारे 'सेटडिफॉल्ट' किंवा २.५ आवृत्तीपासून (२००६) असलेले 'डिफॉल्टडिक्ट' सोयीचे. मात्र डिफॉल्टडिक्टमध्ये चौकटी कंसाने नुसते डोकावले तरी रिकामी नोंद तयार होते. 'इन'ने तपासल्यास होत नाही.

तीन पातळ्यांपुढे कंसांची रांग वाचणे जड जाते. ठरावीक रकाने असतील तर ३.७ पासूनचे डेटाक्लास (रकान्यांची नावे आधीच ठरवून दिलेले क्लास) बरे. पातळ्या पक्क्या असतील तर जिल्हा-तालुका मिळून एकच टपल (न बदलणारी यादी) की म्हणून वापरता येते. पण मग एका जिल्ह्याचे सगळे तालुके हवे असल्यास सगळ्या कीज चाळाव्या लागतात.