पटेलर टेंडिनोपॅथी

गुडघ्याची वाटी आणि नडगीचे हाड यांना जोडणारी जाड कंडरा, म्हणजे पटेलर टेंडन, वारंवारच्या ताणामुळे दुखू लागते. त्या विकाराला पटेलर टेंडिनोपॅथी म्हणतात. उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये तो विशेष आढळतो. अस्थिरोगतज्ज्ञ मार्टिन ब्लाझिना आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याला ‘जम्पर्स नी’ म्हटले आणि मैदानावर आजही हेच नाव चालते. उपचारांचा कणा फिजिओथेरपी हाच आहे. मात्र ती शेक, मालिश आणि यंत्रांची नव्हे, तर हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाची फिजिओथेरपी.

मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू एकत्र येऊन वाटीला धरतात. वाटीच्या खालच्या टोकापासून निघालेली ही कंडरा नडगीच्या वरच्या भागातील उंचवट्याला चिकटते. पाय सरळ करण्याची सगळी ताकद तिच्यातून जाते. उडी घेण्यापूर्वी गुडघा झटकन वाकतो तेव्हा कंडरा किंचित ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि पुढच्याच क्षणी ती परत देते. दुखण्याचे मूळ या वेगवान साठवण्या-सोडण्यात आहे, निव्वळ ताकद लावण्यात नाही. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ मधील पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्के जणांना हा त्रास होता. सायकलपटूंमध्ये मात्र एकही रुग्ण सापडला नाही. त्यांच्या मांड्या काही कमी राबत नाहीत, पण सायकल चालवताना कंडरेला असा झटका बसत नाही.

हा कंडरेचा दाह आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती आणि त्यामुळे विश्रांती, बर्फ व दाहशामक गोळ्या हाच उपचार ठरून गेला होता. जुनाट दुखण्यातील ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर चित्र वेगळे निघाले. दाहाच्या पेशी फारशा नाहीत. कोलॅजन या प्रथिनाचे एरवी समांतर असणारे तंतू विस्कटलेले, त्यांच्यामधला पाणी धरणारा भाग वाढलेला आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या. दाहाचा अजिबात संबंध नाही असे मात्र आता कोणी ठामपणे म्हणत नाही, कारण काही दाहकारक रेणू अशा कंडरेत सापडतात. जिल कुक आणि क्रेग पर्डम या संशोधकांनी २००९ मध्ये या बदलांची साखळी मांडली: अचानक वाढलेल्या भाराने चिडलेली कंडरा, मग बिघडलेली रचना आणि शेवटी झीज. पहिली अवस्था भार कमी केल्यावर बरीचशी मागे फिरते. झिजलेला गाभा पुन्हा पहिल्यासारखा होण्याची आशा कमी असते, पण त्याच्याभोवतीची निरोगी ऊती बळकट करता येते. व्यायामाचा खरा उद्देश तोच.

निदान बहुतेक वेळा बोलण्यातून आणि तपासणीतूनच होते. रुग्ण एका बोटाने वाटीच्या खालच्या टोकावरची जागा दाखवतो. दुखणे भाराच्या प्रमाणात वाढते: चालताना जवळजवळ नाही, बैठकीत थोडे, एका पायावरच्या उडीत सपाटून. स्वस्थ बसल्यावर ते सहसा उरत नाही. खेळाच्या सुरुवातीला दुखते, अंग गरम झाल्यावर विसरायला होते आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत येते. वाटीच्या भोवती किंवा मागे पसरट दुखत असेल, जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना त्रास होत असेल, तर दोष कंडरेपेक्षा वाटीच्या सांध्याचा असण्याची शक्यता अधिक. वाटीच्या वरच्या बाजूला दुखणे हे मांडीच्या स्नायूच्या कंडरेचे. वाढीच्या वयातील मुलांमध्ये नडगीवरच्या उंचवट्याचे दुखणे, म्हणजे ऑसगुड-श्लाटर विकार, आधी आठवावा. ‘फट्’ असा आवाज होऊन पाय एकाएकी सरळ करता येईनासा झाला, तर कंडरा तुटलेली असू शकते. तिथे व्यायामाचा विचार न करता तातडीने अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे लागते.

सोनोग्राफी किंवा एमआरआयचा अहवाल वाचून घाबरणारे पुष्कळ असतात. कधीच न दुखणाऱ्या गुडघ्यांतही हेच बदल दिसू शकतात, आणि दुखणे थांबल्यावरही चित्र तसेच राहू शकते. म्हणून प्रगती चित्रावर न मोजता व्हिसा-पी या शंभर गुणांच्या प्रश्नावलीवर मोजतात. पूर्ण निरोगी गुडघ्याला १०० गुण.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे भार आवरणे, थांबवणे नव्हे. पूर्ण विश्रांतीत दुखणे कमी होते हे खरे, पण त्या काळात कंडरा आणि स्नायू दोन्ही दुबळे होतात आणि खेळ सुरू करताच दुखणे परत येते. उड्या, धावेचे झटके, अचानक थांबणे काही काळ कमी करायचे आणि त्याच वेळी ताकदीचे व्यायाम सुरू करायचे. दुखणे जास्त असेल तेव्हा गुडघा एकाच कोनात धरून जोर लावण्याचे आयसोमेट्रिक व्यायाम देतात: सुमारे ४५ सेकंदांचे पाच धारण, मध्ये विश्रांती. एका लहान अभ्यासात त्यांनी दुखणे लगेच उतरले होते. नंतरच्या अभ्यासांत तितका ठळक परिणाम दिसला नाही.

त्यानंतर जड वजनाचे संथ व्यायाम येतात: लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणे), स्क्वॉट (बैठक), हॅक स्क्वॉट (यंत्रावर पाठ टेकून बैठक). वजन उचलायला तीन सेकंद, खाली आणायला तीन. आठवड्यातून तीन दिवस, आरंभी पंधरा आवर्तने जमतील एवढे वजन आणि बारा आठवड्यांत सहाच जमतील एवढ्यापर्यंत. डेन्मार्कमधील २००९ च्या चाचणीत ही पद्धत उतरत्या फळीवरील एक्सेंट्रिक (स्नायू लांबत असताना भार पेलण्याच्या) स्क्वॉटइतकीच उपयोगी ठरली आणि रुग्णांना ती अधिक पसंत पडली. उतरत्या फळीची पद्धत त्याआधीपासून रूढ होती: २५ अंश उतारावर एका पायाने सावकाश खाली बसायचे, दुखले तरी चालवून घ्यायचे, रोज दोन वेळा. नियमित करणाऱ्यांना तिचा फायदा होतो; स्पर्धांचा मोसम चालू असताना ती खेळाच्या जोडीला लादली, तर मात्र फारसे साधत नाही.

ताकद आली की उड्या, उतरणे, वेग घेणे यांची पायरी. इथेच घाई नडते. जिममध्ये भरपूर वजन पेलणारा गुडघा मैदानावरच्या झटक्यांना तयार असतोच असे नाही. निकष साधा आहे: व्यायामानंतर २४ तासांनी त्याच ठरलेल्या हालचालीत, समजा एका पायाच्या स्क्वॉटमध्ये, दुखणे दहापैकी तीनपेक्षा जास्त नसावे आणि कालच्यापेक्षा वाढलेले नसावे. व्यायाम करतानाचे थोडे दुखणे चालते, दुसऱ्या सकाळी वाढलेले चालत नाही. पोटऱ्यांची व नितंबांची ताकद, घोट्याचा ताठरपणा, उडीवरून कडक गुडघ्याने उतरण्याची सवय याही गोष्टी फिजिओथेरपिस्ट सोबत पाहतो.

हे सगळे महिन्यांच्या हिशेबात चालते. नेदरलँड्समधील २०२१ च्या चाचणीत असा पायरीपायरीचा कार्यक्रम केवळ एक्सेंट्रिक व्यायामापेक्षा सरस ठरला. तरीही २४ आठवड्यांनंतर जुन्या पातळीवर खेळू लागलेले खेळाडू निम्म्याहून कमीच होते. सहा आठवड्यांत बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून जपून राहावे.

वाटीखालचा पट्टा किंवा टेप काहींना खेळताना आराम देतो, एवढाच त्याचा उपयोग. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान जातात, पण सहा महिन्यांनी तुलना करता व्यायाम करणारेच पुढे असतात. शॉकवेव्ह, म्हणजे कंडरेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाचे इंजेक्शन एका नियंत्रित चाचणीत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वरचढ ठरले नाही. शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने नीट व्यायाम करूनही फरक न पडलेल्यांसाठी ठेवतात. नॉर्वेतील २००६ च्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया केलेले गुडघे आणि व्यायाम केलेले गुडघे यांत फरक दिसला नव्हता, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनाही त्यानंतर व्यायाम करावाच लागतो.